खेळाच्या तासाला हजर

लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत सर्वांत मोठा वाटा रक्ताच्या कर्करोगाचा, आणि त्यातही वॉर्डातले सगळेच ज्याला 'ए.एल.एल.' म्हणतात त्या ल्युकेमियाचा. १९४७ च्या सुमारास बॉस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना फॉलिक आम्लाला अटकाव करणारं औषध देऊन पाहिलं आणि काही मुलांचा आजार पहिल्यांदाच मागे हटला. तोवर निदान झालं की मूल थोडे महिने जगेल, एवढंच डॉक्टर सांगू शकत. आज सधन देशांत कर्करोग झालेल्या दर शंभर मुलांपैकी ऐंशीपेक्षा जास्त मुलं बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली मुलांच्या कर्करोगासाठी जो उपक्रम सुरू केला, त्याचं उद्दिष्ट २०३० पर्यंत साऱ्या जगात हे प्रमाण किमान ६० टक्क्यांवर नेण्याचं आहे. आपल्याकडे अजून पुष्कळ मुलांचं निदान उशिरा होतं, काहींचे उपचार पैशांपायी किंवा अंतरापायी अर्धवट सुटतात. तरीही परळहून, खारघरहून, पुण्याहून, नागपूरहून उपचार पुरे करून घरी परतणारी मुलं आता तुरळक राहिलेली नाहीत. ती तालुक्याच्या शाळेत आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, आणि पी.टी.च्या तासाला बहुतेक वेळा वर्गात किंवा कट्ट्यावर बसलेली आहेत.

हे पुस्तक त्या तासाबद्दल आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या अनेक मुलांच्या तक्रारीची सुरुवात "पाय दुखतो" अशी न होता "सर खेळायला घेत नाहीत" अशी होते. म्हणून ही प्रस्तावना मी आनंदाने लिहिते आहे.

आई-वडिलांची बाजू आधी सांगितली पाहिजे. दीड-दोन वर्षं ही माणसं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा सेंट ज्यूडच्या एखाद्या केंद्रात राहिलेली असतात. एकाची नोकरी सुटलेली असते, दुसरं मूल आजीकडे वाढत असतं. सकाळी रक्त द्यायचं, दुपारी रिपोर्ट घ्यायचा, 'काउंट' पडले की घाबरायचं, चढले की कीमोची तारीख घ्यायची, असं त्यांचं आयुष्य झालेलं असतं. अशा घरात मूल परत येतं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं : आता फक्त जपायचं. त्या वाक्याला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही.

पण पुढे काय होतं ते पाहा. शाळा दाखला मागते. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर दोन ओळी लिहून देतात : 'मैदानी खेळ व श्रम टाळावेत.' असे दाखले मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांवर सही असते, शिक्का असतो, मुदत नसते. पाचवीत दिलेला कागद आठवीतही फायलीत तसाच असतो आणि तोच पाळला जातो. मधल्या काळात मूल इतरांच्या पाण्याच्या बाटल्या, चष्मे आणि घड्याळं सांभाळण्यात तरबेज होतं. कुणाचाही हेतू वाईट नसतो. शाळेला जोखीम नको असते, डॉक्टरांना वेळ नसतो, आईला झोप हवी असते. आणि या सगळ्यांच्या मायेचा एकत्रित परिणाम असा होतो की ज्या शरीराला हालचालीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच ती मिळत नाही.

याला गरज का म्हणते, तेही सांगते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी मध्यम ते जोरकस हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हाडं भरण्याचं वयही हेच. या वयात दोन वर्षं स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट घेतलेल्या, बराच काळ खाटेवर काढलेल्या मुलाची हाडं विरळ झालेली असतात आणि स्नायू झडलेले असतात. दोन्ही भरून येतात, पण त्यांच्यावर भार पडला तरच. बसून राहिलेल्या मुलाचं वजन वाढतं, दम लवकर लागतो, दम लागतो म्हणून ते आणखी बसतं. उपचारांनंतरचा थकवा हा तर वेगळाच असतो. झोपून उठल्यावरही तो जात नाही, आणि त्यावर नियमित, हलक्या व्यायामाचा उपयोग होतो हे आता बऱ्यापैकी सिद्ध झालं आहे. २०१८ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणी कर्करोग होऊन गेलेल्या १५,४५० प्रौढांची त्यात नोंद होती. नियमित जोरकस व्यायाम करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि काही वर्षांत व्यायाम वाढवत नेणाऱ्यांमध्येही कमी दिसलं. अशा अभ्यासावरून व्यायामामुळेच माणसं जगली असं म्हणता येत नाही. ज्यांची तब्येत मुळात बरी, तीच जास्त व्यायाम करत असतील. पण मुलांना बसवून ठेवण्याच्या बाजूने मात्र कुठलाच अभ्यास उभा नाही. २०२१ साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून कर्करोगग्रस्त मुलांच्या व्यायामाबद्दल पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. त्यांचा गाभा अगदी साधा आहे : उपचार चालू असोत की संपलेले, हालचाल प्रत्येक मुलासाठी महत्त्वाची आहे. जर्मनीत तर २०१२ पासून या कामासाठी रुग्णालयांचं जाळं आहे, आणि मुलाला पुन्हा शाळेच्या खेळाच्या तासाला नेणं हा त्या कामाचाच भाग मानला जातो.

तेव्हा शाळेने "याला खेळू द्यायचं का?" असं विचारून थांबू नये. विचारावं ते असं : या मुलाने आज कोणता खेळ, किती वेळ आणि कुठून सुरुवात करून खेळायचा? याचं उत्तर 'कॅन्सर' या शब्दात सापडत नाही. ते सापडतं कोणतं औषध मिळालं, शरीराच्या कोणत्या भागावर शस्त्रक्रिया झाली, कुठे किरण दिले गेले, यात. दोन मुलं शेजारशेजारच्या खाटांवर असतात, एकाने वर्षभरात फुटबॉल खेळावा आणि दुसऱ्याने कबड्डीच्या जवळही जाऊ नये, असं होऊ शकतं. या पुस्तकाची प्रकरणं म्हणूनच आजारांच्या नावांवरून न पाडता मुलाच्या शरीरात नेमकं काय बदललं आहे, यावरून पाडली आहेत, आणि मला ते फार योग्य वाटतं.

ए.एल.एल.चंच घेऊ, कारण शिक्षकांच्या समोर हीच मुलं सर्वाधिक येणार. त्यांच्या उपचारांत व्हिन्क्रिस्टिन नावाचं इंजेक्शन पुन्हा पुन्हा दिलं जातं. आपल्या अंगणात, कुंडीत, देवळाच्या आवारात बारा महिने फुलणाऱ्या सदाफुलीतून हे औषध मिळतं. आजार हटवण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे, पण हातापायांच्या टोकांकडे जाणाऱ्या नसांना ते इजा करतं. पाऊल वर उचलणारे स्नायू ढिले पडतात. मूल पाऊल आपटत चालतं, जिन्यात अडखळतं, आणि आईची एक ठरलेली तक्रार असते : याच्या पायातून चप्पल निसटते. शिक्षकांनी हे ऐकलं तर त्याला वेंधळेपणा समजू नये. मुलाला टाचांवर दहा पावलं चालून दाखवायला सांगावं. चवडे वर उचलले जात नसतील तर फिजिओथेरपिस्टकडे पाठवावं. बहुतेक मुलांत औषध थांबल्यावर काही महिन्यांत या नसा सुधारत जातात. तोवर काहींना पायात स्प्लिंट घालावा लागतो. हातांच्या बोटांतही जोर कमी असतो, त्यामुळे चेंडू सुटतो, आणि मल्लखांबासारखी पकड लागणारी गोष्ट थोडी थांबून करावी लागते.

याच मुलांना प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामिथासोन ही स्टेरॉइड मिळालेली असतात. ती मांड्यांचे आणि खुब्यांचे मोठे स्नायू कमजोर करतात. मांडी घालून बसलेलं मूल उठताना जमिनीला हात टेकतं, मग गुडघ्यावर हात ठेवून स्वतःला वर ढकलतं. आता खो-खो डोळ्यांसमोर आणा. आठ जण चौकोनात उकिडवे बसलेले, पाठीवर थाप पडली आणि 'खो' ऐकू आला की क्षणात उठून धावायचं. पाऊल उचलणारे स्नायू आणि मांडीचे स्नायू, नेमकी हीच जोडी औषधांनी कमजोर केलेली असते. म्हणजे दिसायला निरुपद्रवी, अंगाला अंग न भिडणारा आपला हा खेळ ए.एल.एल.मधून उठलेल्या मुलाला पहिल्या काही महिन्यांत सर्वांत अवघड जातो. धावणं त्या मानाने सोपं.

माझ्याकडे येणारी एक मुलगी सातवीत होती, आजारापूर्वी शाळेच्या खो-खो संघात होती. गोळ्या संपल्या, केस आले, ती मैदानावर गेली आणि दुसऱ्याच दिवशी रडत घरी आली. खो मिळाला की उठायला उशीर होतो आणि मुली ओरडतात, असं तिने सांगितलं. तिच्या बाईंनी तिला घरी बसवलं नाही. मैदानाच्या कडेला साऱ्या संघाला एका रांगेत बसवून त्या 'खो' म्हणताच उठण्याचा सराव घेऊ लागल्या. इतर मुली जमिनीवर, हिच्या खाली वर्गातलं लाकडी पाटाचं बुटकं बाक. बाकावरून हात न लावता उठणं जमलं तशा पोत्यात गुंडाळलेल्या दोन विटा आल्या. मग एक वीट. मग नुसतं पोतं. सराव संपला की फक्कीने आखलेल्या रेषेवरून टाचांवर चालत जायचं आणि चवड्यांवर परत यायचं. हे सगळ्याच मुली करत, आणि त्यात ही मागे पडली तरी ते कुणाच्या लक्षात येत नसे. दुसऱ्या सत्रात ती चौकोनात जमिनीवर बसली. संघात तिची निवड झाली नाही, राखीव म्हणून ती गेली. बाईंनी केलं ते फिजिओथेरपीच्या पुस्तकात शोभेल असं होतं, आणि त्यासाठी खर्च शून्य होता.

स्टेरॉइडचा आणखी एक परिणाम प्रत्येक क्रीडाशिक्षकाला ठाऊक हवा. दहा वर्षांवरच्या मुलांत, विशेषतः वयात येणाऱ्या मुला-मुलींत, खुब्याच्या सांध्यातल्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडून हाड आतून खचू लागू शकतं. दुखतं मात्र जांघेत किंवा गुडघ्यात. गुडघ्याचा एक्स-रे काढला जातो, त्यात काही सापडत नाही, "नाटकं करतो" असं ठरतं, आणि खुबा झिजत राहतो. कर्करोगाचे उपचार झालेलं मूल गुडघा दुखतो म्हणालं आणि लंगडत असेल, तर उड्या आणि धावणं त्या दिवशी बंद, आणि त्याला उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवून खुब्याची एम.आर.आय. करायची का ते विचारायचं. तोवर पोहणं किंवा सायकल चालेल का, हेही त्यांनाच विचारावं. बहुतेकदा काहीतरी चालतं.

हृदयाचा प्रश्न शांतपणे समजून घ्यावा लागतो. डॉक्सोरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन ही औषधं लाल रंगाची असतात, पालकांना ती रंगावरूनच आठवतात. त्यांचा एकूण डोस वाढला तर हृदयाचे स्नायू दुबळे होऊ शकतात, आणि ते कधीकधी बऱ्याच वर्षांनी, कॉलेजच्या वयात किंवा बाळंतपणात कळतं. शरीराच्या दर चौरस मीटरमागे एकूण २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस झाला असेल, किंवा छातीवर किरण दिले असतील, तर धोका जास्त मानतात. अशा मुलांची २डी इको ठरावीक अंतराने व्हायला हवी, आणि तालुका-जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेत उतरण्यापूर्वी तर नक्कीच. इको चांगली असेल तर धावणं, पोहणं, सायकल यांनी हृदयाला फायदाच होतो. श्वास रोखून जड वजन उचलण्याच्या हौसेला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात घालू नये. दहावी-अकरावीतली मुलं जिममध्ये जायला लागतात तेव्हा हे आठवणीने सांगावं लागतं. मैदानात मूल छातीत दुखतं म्हणालं, घेरी येऊन पडलं, किंवा इतरांपेक्षा फारच लवकर धापा टाकू लागलं, तर खेळ थांबवून त्याच दिवशी घरच्यांना कळवायचं.

काही गोष्टी इतक्या लहान असतात की त्या सांगायचं कुणाच्या मनातच येत नाही. सिस्प्लॅटिन मिळालेल्या बऱ्याच मुलांना उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. समोरासमोरचं बोलणं त्यांना बऱ्यापैकी कळतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण सरांची शिट्टी त्यांना ऐकू येत नाही. शिट्टीनंतरही धावत राहिला म्हणून पट्टीचा मार खाल्लेला मुलगा मी पाहिला आहे. शिट्टीबरोबर हात वर करावा किंवा रुमाल हलवावा, एवढाच त्यावर उपाय आहे. डोळ्याचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा, हा बहुधा पाच वर्षांच्या आत होतो आणि काही मुलांचा एक डोळा काढावा लागतो. ही मुलं शाळेत येतात तोवर एका डोळ्याने जगायला सरावलेली असतात. त्या बाजूने येणारा चेंडू दिसत नाही, तेव्हा क्षेत्ररक्षणाची जागा विचार करून द्यावी, आणि उरलेल्या डोळ्यावर न फुटणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवाच हवा, कारण तो डोळा गेला तर सगळंच गेलं. बाकी मन्सूर अली खान पतौडी यांनी १९६१ मध्ये मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावली आणि त्यानंतर ते भारताकडून ४६ कसोटी सामने खेळले, हे आपल्या क्रिकेटवेड्या घरांना सांगायला नको.

मूत्रपिंडाची गाठ, म्हणजे विल्म्स ट्यूमर, काढलेल्या मुलाकडे एकच मूत्रपिंड उरतं. त्याला कबड्डी-कुस्तीपासून लांब ठेवण्याचा कल असतो, आणि डॉक्टरांमध्येही यावर एकमत नाही. खेळात मूत्रपिंडाला गंभीर इजा होणं मुळात दुर्मीळ आहे. पालक आणि डॉक्टरांनी बोलून ठरवावं, पण धावणं, खो-खो, बॅडमिंटन, क्रिकेट बंद करायचं काही कारण नाही. मेंदूच्या मागच्या भागातली गाठ काढलेल्या मुलांचा तोल डळमळतो, हालचाली संथ होतात. त्यांना तोल सांभाळण्याचे खेळ मुद्दाम द्यावेत, आणि झटके येत असतील तर पाण्यात एकटं सोडू नये.

हाडाच्या कर्करोगाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण तो बहुधा गुडघ्याजवळ होतो आणि नेमक्या खेळाच्या वयात होतो. खेळताना लागलं असेल असं म्हणून महिने जातात. पूर्वी पाय मांडीतून कापणं हाच मार्ग होता. आता बऱ्याच मुलांचा पाय वाचतो. हाडाचा रोगट भाग काढून आत धातूचा सांधा बसवतात. वाचलेला पाय दिसायला पूर्ण असतो आणि घोटाळा इथेच होतो. त्या सांध्याला उड्या, आदळआपट, अचानक वळणं सोसत नाहीत. तो सैल होतो, मोडतो, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. या मुलांसाठी पोहणं, सायकल, नेमबाजी, टेबल टेनिस. उलट काही लहान मुलांवर 'रोटेशनप्लास्टी' करतात : रोगट भाग काढून खालचा पाय उलटा फिरवून वर जोडतात आणि घोटा गुडघ्याचं काम करू लागतो. बघणाऱ्याला ते विचित्र वाटतं, पालकांना निर्णय घेताना रडू येतं. पण कृत्रिम पाय लावून ही मुलं धावतात, उड्या मारतात, फुटबॉल खेळतात. दिसण्याची आणि खेळण्याची अशी अदलाबदल स्वीकारायची का, हा फार कठीण प्रश्न आहे, आणि कळत्या मुलाला तो विचारल्याशिवाय सोडवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

काही मुलं उपचार चालू असतानाच शाळेत येतात. मेंटेनन्सच्या काळात रोजच्या गोळ्या घेत ती वर्गात बसलेली असतात. त्यांच्यासाठी नियम थोडे कडक आहेत. छातीतून किंवा दंडातून बाहेर आलेली लाइन असेल तर पाण्यात उतरायचं नाही. कातडीखाली पोर्ट असेल तर तिथे चेंडू किंवा कोपर लागेल असे खेळ नकोत. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर धक्काबुक्कीचे खेळ नकोत. मेथोट्रेक्सेट आणि इतर गोळ्यांनी कातडी उन्हाला हळवी होते, तेव्हा टोपी चालू द्यावी, गणवेशात बसत नाही म्हणून काढायला लावू नये. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर या मुलाच्या घरी त्याच दिवशी फोन जायला हवा. आणि ताप. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर क्रोसिन देऊन बाकावर झोपवायचं नाही. घरी फोन करायचा आणि मुलाला तासाभरात रुग्णालयाच्या वाटेला लावायचं. या एका नियमाने जीव वाचतात.

शरीराचं झालं. मैदानावर त्याहून अवघड असतात ते सवंगडी. स्टेरॉइडने फुगलेला चेहरा, टोपीखालचं डोकं, आणि कुणाच्या तरी घरून आलेली "त्याच्याजवळ बसू नको, लागेल" ही सूचना. कर्करोग लागत नाही, हे मुख्याध्यापकांनी परिपाठाला एकदा मोठ्याने सांगितलं पाहिजे. मात्र मुलाला आणि पालकांना विचारून, त्याचं नाव घ्यावं की नाही हे ठरवून. अनेक पालक आजार लपवतात, मुलीचा असेल तर हटकून लपवतात, कारण पुढे लग्नाचं काय, ही भीती असते. आपल्याकडच्या रुग्णालयांत कर्करोगाच्या उपचारांसाठी मुलींपेक्षा मुलगे जास्त येतात, आणि हा फरक केवळ आजाराने पडलेला नाही. इतक्या अडथळ्यांतून बरी झालेली मुलगी मैदानावर तर आणखीच क्वचित पोचते. मुलगा असेल तर वडील वर्षभराने विचारतात, "क्रिकेट खेळू दे का?" मुलीसाठी हा प्रश्न मला फार कमी वेळा ऐकू आला आहे. तो विचारला जावा, असं मला मनापासून वाटतं.

मुलांची स्वतःची एक जुनी सोय आहे. गल्लीतल्या खेळात लहान भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून घेतात : तो पळेल, हात लावेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. मोठ्यांच्या कुठल्याही समावेशक धोरणापेक्षा ही रीत मला शहाणी वाटते, कारण तिच्यात मूल खेळाच्या आत असतं. आजारातून आलेल्या मुलाला पहिले काही आठवडे सवंगडी आपणहून अशीच सूट देतात. शिक्षकांनी पाहायचं ते इतकंच की ही सूट कधी संपवायची हे त्या मुलाला ठरवता येतंय ना. ज्या दिवशी ते म्हणेल, "माझ्यावरही राज्य येऊ दे", त्या दिवशी ते येऊ द्यावं. गुण लिहिणं, शिट्टी वाजवणं, फक्की टाकणं ही कामं चांगली आहेत, ती जरूर द्यावीत. पण आळीपाळीने सगळ्यांना. कायमचा गुणलेखक केलेलं मूल बाहेर बसवलेलंच असतं. लेझीम तर अशा मुलांसाठी फार छान, कारण तिथे हरणं नाही, वाकणं-उठणं हळूहळू वाढवता येतं, आणि पन्नास जणांत एकाने एक पावली गाळली तरी चालतं.

मोठमोठ्या खेळाडूंची उदाहरणं देण्याचा मोह आपल्याला होतो. युवराज सिंग २०११ चा विश्वचषक खेळला, उपचार घेतले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये परत भारतीय संघात उतरला. ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू वेडला सोळाव्या वर्षी कर्करोग झाला होता. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात शाहीन आफ्रिदीला सलग तीन षटकार मारणारा तोच. नेदरलंड्सचा मार्टेन व्हान डेर वेयडेन एकोणिसाव्या वर्षी ल्युकेमियाने आजारी पडला आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दहा किलोमीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकला. २०१० साली मॉस्कोत खास कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी स्पर्धा सुरू झाल्या, आणि तिथून भारतातली मुलंही पदकं घेऊन आली. हे सगळं मुलांना सांगावं. पण प्रत्येक मुलाने आजारावर मात करून काहीतरी जिंकून दाखवलं पाहिजे, असं ओझं त्याच्या पाठीवर ठेवू नये. बहुतेकांना मधल्या सुट्टीत पकडापकडी खेळायची असते, आणि तेवढं पुरेसं आहे.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत स्वतंत्र क्रीडाशिक्षक नसतो. दोन शिक्षक चार वर्ग सांभाळत असतात. त्यांना मी आणखी एक फाइल ठेवायला सांगणार नाही. पहिल्या महिन्यात त्या मुलाला पाच मिनिटं खेळ, पाच मिनिटं सावलीत बसणं, पुन्हा पाच मिनिटं खेळ, एवढं करू द्या. बोलता बोलता धावता येत असेल तर वेग बरोबर आहे. बोलताना वाक्य तुटत असेल तर कमी करा. दर पंधरा दिवसांनी थोडं वाढवा. मूल "बस झालं" म्हणालं तर ऐका, आणि आई "बस झालं" म्हणाली तर तिला एकदा मैदानाच्या कडेला बोलावून दाखवा. तिची भीती समजावण्याने जात नाही, पाहण्याने जाते.

पालकांना शेवटी एक काम सांगते, ते उपचार संपण्याच्या आधी करायचं आहे. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडून उपचारांचा एकपानी गोषवारा लिहून घ्या : आजाराचं नाव, प्रत्येक औषधाचा एकूण डोस, किरण कुठे आणि किती दिले, कोणती शस्त्रक्रिया झाली, शेवटची इको आणि कानांची तपासणी कधी झाली, पुढची कधी. खाली दोन ओळी खेळाबद्दल मागा, त्यांत 'काय खेळावं' आधी आणि 'काय टाळावं' नंतर, आणि त्या दोन्हींवर फेरतपासणीची तारीख. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळी ओपीडी आहे, ती 'एसीटी क्लिनिक' म्हणून ओळखली जाते. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा बऱ्या झालेल्या मुलांचा गट २००९ पासून काम करतो. तिथे तुमच्यासारख्यांना मदत मिळते. त्या पानाची एक प्रत जूनमध्ये शाळा उघडेल त्या आठवड्यात वर्गशिक्षकांच्या हातात द्या, आणि मुलासाठी दप्तराबरोबर खेळाचे बूटही घ्या.